मोबाइलला वायफाय मिळतं, लॅपटॉपला घरचं नेटवर्क दिसतच नाही. फॉरमॅट करावा का?

नाही. फॉरमॅट अजिबात करू नका.

घरचं वायफाय मोबाइलवर चालतं, लॅपटॉपच्या यादीत मात्र त्याचं नावच येत नाही आणि दुकानदार विंडोज नव्याने टाकायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. एअरप्लेन मोड, बंद-चालू वगैरे करून झालं असणारच. आता त्या यादीत शेजाऱ्यांची नावं दिसतात का, तेवढं बघा. दिसत असतील तर कार्ड (लॅपटॉपमधला वायफाय पकडणारा भाग) चालतंय, ड्रायव्हरही (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) चालतोय. मग विंडोज पुसून काय साधणार? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

इतक्या ठामपणे सांगतेय कारण आमच्या घरात यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही. लेकीचा लॅपटॉप भाच्याने अमेरिकेहून आणलेला. नाशिकला आमच्या भागात पावसाळ्यात लाइट जाणं नेहमीचंच. लाइट परत आली की कधी लॅपटॉपला वायफाय सापडायचं, कधी दिवसभर नाही. आमचे धाकटे भावोजी घरातले कॉम्प्युटरवाले. त्यांनी लॅपटॉप उघडायच्या आधीच निकाल दिला, "वहिनी, कार्ड गेलंय. तुम्ही यात पडू नका." दुकानात नेला तर त्यांनी आधी फॉरमॅट मारला, मग मदरबोर्डचं नाव काढलं. लेकीच्या प्रोजेक्टच्या फाइली गेल्या त्या गेल्याच. दुकानात लॅपटॉप छान चालायचा, घरी आणला की पुन्हा तेच.

मला खटकत होतं ते वेगळंच. वरच्या मजल्यावरचं वायफाय, तेही जेमतेम एका दांडीवर, लॅपटॉपला दिसत होतं. आणि दोन हातांवर टीव्हीखाली ठेवलेला आमचा राउटर दिसत नव्हता. कार्ड गेलं असतं तर उलटं व्हायला हवं होतं ना?

मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर, म्हणजे आसपासची नेटवर्कं कुठल्या चॅनलवर आहेत ते दाखवणारं अ‍ॅप, टाकून पाहिलं. आमचं नेटवर्क १३ नंबरच्या चॅनलवर होतं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्याचे नंबर दिलेले तुकडे म्हणजे चॅनल; आपल्याकडे त्यात १ ते १३ चालतात, अमेरिकेत वापर १ ते ११ एवढाच. तिकडच्या बाजारासाठी बनलेली बरीच कार्डं १२ आणि १३ कडे बघतच नाहीत. राउटरचं चॅनल 'ऑटो'वर असलं की चालू होताना तो मोकळं चॅनल शोधतो. म्हणजे लाइट गेली-आली की आमचं नशीब बदलायचं. ब्राउझरमधून राउटरच्या सेटिंगच्या पानावर गेले (पत्ता बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), ऑटो काढून ६ केलं, आणि थोड्याच वेळात लॅपटॉपवर नाव आलं.

भावोजी म्हणाले, योगायोग. गौरी-गणपतीला सगळे जमले तेव्हा त्यांच्यासमोर मोबाइलवरून चॅनल १३ केलं, लॅपटॉपवरचं नाव गेलं. पुन्हा ६ केलं, आलं. तरीही "कार्ड वीकच आहे" हे पालुपद चालूच. माझं स्पष्ट मत आहे: ज्यांना कारण शोधायचा कंटाळा असतो ते पार्ट बदलायला सांगतात, मग ते दुकानदार असोत की घरचे इंजिनिअर.

तुमचा लॅपटॉप भारतातच घेतलेला असेल तर मात्र १३ नंबरची शक्यता कमी. मग ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दुसऱ्या पट्ट्याचं बघा. जुन्या, स्वस्त लॅपटॉपच्या कार्डाला ते झेपत नाही, आणि राउटर फक्त त्यावरच चालू असेल तर नाव दिसणारच नाही. २.४ चालू करा, जमलं तर त्याला वेगळं नाव द्या. नाव दिसतंय पण पासवर्ड बरोबर असूनही जोडलं जात नाही, असं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ (नवा) वरून डब्ल्यूपीए२ (जुना) वर आणून बघा. आणि जोडलं जातं पण आयपी पत्ता (नेटवर्कवर लॅपटॉपला मिळणारा नंबर) १६९.२५४ ने सुरू होतो, तर राउटरकडून पत्ताच मिळत नाहीये. तो वेगळा विषय.

शेजारचं एकही नेटवर्क दिसत नसेल, मोबाइलचा हॉटस्पॉटही दिसत नसेल, तर ड्रायव्हर किंवा कार्ड खरंच गेलेलं असू शकतं. तेव्हाही आधी यूएसबीचं छोटं वायफाय अ‍ॅडॉप्टर लावून पाहा, फॉरमॅटपेक्षा ते परवडतं. आणि दुकानात द्यायचाच झाला तर फाइली आधी दुसरीकडे काढून घ्या, ते विचारत नाहीत.