फॉरेन्सिक आर्ट आणि फाइन आर्ट यांत नेमका फरक काय?

चित्र कोणासाठी काढलंय, मुख्य फरक तिथेच. चित्रकार मनात आलं तर नाक लांबवेल, चेहरा निळा रंगवेल. पोलिसांच्या तपासासाठी स्केच काढणाऱ्याला, म्हणजे फॉरेन्सिक आर्टिस्टला, ती मुभा नाही. त्याने संशयिताचा चेहरा पाहिलेलाच नसतो. समोर घाबरलेला साक्षीदार. त्याला धीर देत, 'भुवया जुळलेल्या होत्या का?' असं विचारत, खोडत, पुन्हा दाखवत चेहरा काढायचा. निम्मं काम पेन्सिलीचं, निम्मं माणसाला बोलतं करण्याचं.

ओळख न पटलेल्या मृताच्या कवटीवरून चेहरा घडवताना तर ठरलेल्या जागी रबराचे छोटे तुकडे चिकटवतात. तिथे मांस किती जाड असेल ते त्यांच्या उंचीवरून कळतं, माती तेवढीच चढवायची.

पण या कामात कलाकाराच्या नजरेची गरज नसते असं अजिबात नाही. अमेरिकेतल्या जॉन लिस्टने १९७१ मध्ये आई, बायको आणि तीन मुलांना मारलं आणि तो गायब झाला. १९८९ मध्ये शिल्पकार फ्रँक बेंडरने जुन्या फोटोंवरून म्हातारा लिस्ट घडवला. गाल ओघळलेले, केस मागे सरकलेले. आणि चष्मा? हा माणूस जाड काळ्या फ्रेमचाच घालेल, असा अंदाज त्याने बांधला. (मापं घेऊन हे सुचत नाही, माझ्या मते ही शुद्ध चित्रकारी!) टीव्हीवर तो पुतळा दाखवल्यावर दोन आठवड्यांच्या आत लिस्ट व्हर्जिनियात सापडला. नाव बदललेलं, पण डोळ्यांवर चष्मा जवळपास तसाच.