आपल्या शहराच्या अग्निशमन दलाची परीक्षा कोण घेतं?

तुम्ही विचारलंय, इंग्लंडमध्ये स्वतंत्र निरीक्षक प्रत्येक अग्निशमन सेवा तपासून श्रेणी देतात (२०१८ पासून देतात, बरोबर), तशी ठाण्याच्या दलाला कोण देतं?

तशी श्रेणी आपल्याकडे नाही. अग्निशमन हा घटनेच्या बाराव्या अनुसूचीतला, म्हणजे महापालिकेचा विषय. केंद्राची स्थायी अग्निशमन सल्लागार परिषद निकष सुचवते, पण ती नावातच सल्लागार आहे. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या दलांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. राज्यात अग्निशमन संचालनालय आहे आणि २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. झालं.

पण 'दल किती पाण्यात आहे' एवढंच विचारलंत म्हणून लिहायला बसलो. आपण किती पाण्यात आहोत?

घोडबंदर रोडला आमची चौदा मजली इमारत. सहा वर्षं मी सेक्रेटरी होतो. दर जानेवारी आणि जुलैला परवानाधारक एजन्सीकडून आग विझवायची यंत्रणा तपासून फॉर्म बी, म्हणजे ती चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. आमच्या एजन्सीचा माणूस यायचा, ऑफिसात चहा प्यायचा, शिक्का मारून जायचा. मी कमिटीत म्हटलं, पंप चालवून दाखवायला सांगू. खजिनदार काका म्हणाले, "अरे, टाकी रिकामी होईल. इथे टँकर मागवतोय आपण. आणि आग लागलीच तर ब्रिगेड आहे ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याच वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुणाचं तरी रॉकेट नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत घुसलं. तिथे जुन्या गाद्या रचून ठेवलेल्या. मी धावत वर गेलो, होज रील ओढली, व्हॉल्व्ह उघडला. आधी फुस्स हवा, मग दोन पेले गंजकं पाणी. खाली पंपाच्या पॅनलवरचा स्विच बंद. पाइप कुठेतरी गळत होता, त्यामुळे जॉकी पंप, म्हणजे पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंप, रात्रभर चालू-बंद व्हायचा आणि पहिल्या मजल्यावरच्यांची झोपमोड व्हायची, म्हणून इलेक्ट्रिशियनने तो केव्हाच बंद करून ठेवला होता. होज बॉक्समधली पितळी ब्रँच, म्हणजे पाइपच्या टोकाची तोटी, कधीच भंगारात गेलेली. बॉक्समध्ये काय होतं? झाडू.

शेजाऱ्यांच्या बाथरूममधून बादल्या आणून आम्ही आग थोपवली. बाळकुमची गाडी आली, ती पाहुण्यांच्या गाड्यांमुळे गेटातच अडली. जवानांनी दोन गाड्या हाताने ढकलल्या, पाइप खांद्यावर घेऊन नऊ जिने चढले आणि दहा मिनिटांत विझवलं. पडदे, टीव्ही, खिडकी गेली, माणसं वाचली. नंतर त्यांच्या अधिकाऱ्याने फॉर्म बी मागितला. मी फाइल दिली. जुलैचा, शिक्क्यासकट. त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फाइल मिटून परत दिली. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटची सही माझीच होती.

धोक्याचं मूल्यमापन कोण करतं, हाही तुमचा प्रश्न आहे. आमच्या इमारतीचं आम्हीच केलं होतं, आणि खोटं केलं होतं. २००६ च्या त्या कायद्यात यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर आणि भोगवटादारावर आहे, दलावर नाही. काकांना मी हे तेव्हाही सांगितलं होतं. इतिवृत्तात नोंद आहे, कुणाला बघायची असेल तर.

सगळ्याच एजन्सी अशा नसतात. नंतर नेमलेली चोख निघाली. आणि दलाकडे माणसं कमी असतील तर तो प्रश्न उरतोच. मंजूर पदं किती, भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात महापालिकेला विचारा.

पण त्याआधी, येत्या जुलैला एजन्सीचा माणूस आला की त्याला चहा नंतर द्या. आधी सर्वांत वरच्या मजल्यावर नेऊन होज उघडायला लावा. पाणी वाया जातं म्हणून कुणीतरी ओरडेलच. आमचे काका अजून ओरडतात.