मी धडधाकट, मग माझं रक्त कशाला?

आमच्या चाळीत आरोग्याच्या अभ्यासाची माणसं आली होती. मला ना बीपी, ना शुगर. तरी रक्त घेतलं, पुन्हा येऊ म्हणाली. माझ्याकडे कशाला? (लालबाग)

धडधाकट आहात म्हणूनच! आजार जडल्यावर विचारलं, तर आधी वजन वाढलं की आधी शुगर, हे आठवणीच्या भरवशावर राहतं. म्हणून निरोगी असतानाच नोंद करायची आणि वर्षानुवर्षं मागोवा घ्यायचा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये १९४८ साली ५,२०९ जणांपासून असं काम सुरू झालं. बीपी, कोलेस्टेरॉल आणि हृदयविकाराचं नातं तिथूनच पक्कं होत गेलं.

आपल्या मुंबईतही १९९१पासून मतदारयाद्या घेऊन कार्यकर्ते पस्तिशीपुढच्या लोकांकडे घरोघर गेले. हातात मावणाऱ्या छोट्या संगणकावर तिथेच उत्तरं भरत. हळूहळू सुमारे दीड लाख माणसं नोंदली गेली. निम्म्याहून जास्त बायका तंबाखू वापरत होत्या. ओढत नव्हत्या, मिश्रीसारख्या रूपात घेत होत्या. फक्त 'विडी-सिगारेट ओढता का' एवढंच विचारलं असतं, तर त्या साऱ्या निर्व्यसनी ठरल्या असत्या.

खरी कसोटी दुसऱ्या फेरीत लागते. चाळ पुनर्विकासाला गेलेली, बिऱ्हाड नालासोपाऱ्याला, म्हातारी माणसं गावी. आजारपणामुळे गावी गेलेला माणूस यादीतून गळला, की शहर आहे त्यापेक्षा निरोगी दिसतं. म्हणून कळकळीने सांगते, जागा सोडाल तेव्हा नवा पत्ता कळवा आणि एखाद्या नातेवाइकाचा नंबर देऊन ठेवा.

माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २४ आहे. इंटरनेटवर २५पर्यंत नॉर्मल लिहिलंय, डॉक्टर मात्र पोट कमी करा म्हणतात. (मुलुंड)

डॉक्टरांचं ऐका. तो आकडा मुख्यतः गोऱ्या लोकांच्या अभ्यासांतून आला. लंडनच्या साउथॉल भागात १९८०च्या दशकाअखेरीस गोरे आणि दक्षिण आशियाई शेजारी-शेजारी तपासले, तेव्हा आपल्या लोकांत मधुमेह कितीतरी जास्त निघाला आणि चरबी पोटाभोवती साठलेली दिसली. पुण्याजवळच्या गावांत १९९३पासून चाललेल्या अभ्यासात तर वजनाला कमी असलेल्या नवजात बाळांतही चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त आढळलं. त्यामुळे आपल्याकडे २३पासूनच सावध व्हायचं. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

अशा अभ्यासाच्या फॉर्मवर धर्म, मातृभाषा, मूळ गाव कशाला विचारतात? (माहीम)

प्रश्न खटकतो, पण त्याचा उपयोग होतो. मुंबईच्या कॅन्सर नोंदणीत पारशी बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं. उशिरा लग्न आणि कमी मुलं ही त्यामागची काही कारणं, आणि ती कुठल्याही समाजातल्या बाईला लागू पडतात. मात्र उत्पन्न, खाणंपिणं, घराची जागा न विचारता नुसती जात-धर्म नोंदणारा अभ्यास मला अपुरा वाटतो.

अभ्यासात राहणं मध्येच नको वाटलं तर? (भांडुप)

कारण न देता बाहेर पडता येतं, त्यामुळे तुमच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. सही करण्याआधी मराठीतलं संमतीपत्र मागा, वाचा, प्रत घरी ठेवा.