हिवाळ्यात लेहला राहून घरून काम: लाइट आणि नेट टिकतं का?

डिसेंबर ते मार्च पुण्याहून लेहला राहायला जाताय, काम घरूनच, आणि इन्व्हर्टर कोणता घ्यावा असं विचारलंय. इन्व्हर्टर कुठलाही चांगल्या कंपनीचा चालेल. तो कसा लावता आणि बॅटरी कुठे ठेवता, यावर सगळं आहे.

लाइट पूर्वीपेक्षा बरी आहे. 2019 मध्ये श्रीनगर-लेह 220 केव्हीची लाइन सुरू झाली आणि लेह देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. त्याआधी भिस्त सिंधूवरच्या निमू-बाझगो जलविद्युत प्रकल्पाच्या 45 मेगावॉटवर आणि डिझेलवर होती, आणि थंडीत सिंधूचं पाणी घटलं की वीजही घटायची. आता संध्याकाळी घरोघरी हीटर लागले की व्होल्टेज पडतं, तो त्रास जास्त.

इन्व्हर्टरवर एक छोटं बटण असतं: 'यूपीएस' आणि 'नॉर्मल'. यूपीएसवर ठेवला की साधारण 180 व्होल्टच्या खाली तो मेन्स, म्हणजे बाहेरून येणारी लाइट, सोडून बॅटरीवर जातो. म्हणजे गल्लीत लाइट आहे आणि तुमची बॅटरी मात्र गुपचूप संपतेय. खरोखर लाइट जाते तेव्हा ती रिकामी. नॉर्मलवर बहुतेक मॉडेल 100 व्होल्टपर्यंत मेन्स धरून ठेवतात. बदलताना क्षणभर खंड पडतो, पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. राउटरला 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. अडॅप्टरवर 1 अँपिअर लिहिलंय की 2, ते आधी वाचा. कमी अँपिअरचा लावलात तर राउटर सारखा रीस्टार्ट होतो.

हिशोब असा: लॅपटॉप 60 वॉट, राउटर आणि फायबरचा डबा मिळून 20. 150 अँपिअर-तासांची 12 व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी अर्धीच वापरली तरी, इन्व्हर्टरची घट धरून, 9 तास निघतात. हे पुण्याच्या हवेत. शून्य अंशाला बॅटरीच्या ताकदीचा साधारण पाचवा हिस्सा जातो, उणे 18 ला जवळपास निम्मी. त्यात पूर्ण चार्ज बॅटरी उणे 40 लाही गोठत नाही, पण रिकामी झालेली उणे 8 च्या आसपास गोठते आणि फुटते. लिथियमचं वेगळंच: शून्याखाली ती चार्ज करायची नसते, चांगला बीएमएस (बॅटरीतलं तिला सांभाळणारं सर्किट) चार्जिंग बंदच करतो.

म्हणून बॅटरी गॅलरीत किंवा जिन्याखाली नको. जागा ठरवायच्या आदल्या रात्री तिथे पेलाभर पाणी ठेवा. सकाळी बर्फ दिसला तर जागा बाद. बुखारीला, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीला, चिकटूनही नको, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि तो पेट घेतो. हीटर इन्व्हर्टरवर चालवायचा विचार सोडा, 2000 वॉट त्याला झेपत नाहीत.

छोटा जनरेटर नेऊ नका. 3500 मीटरवर हवा विरळ, ताकद सुमारे एक तृतीयांश कमी मिळते.

नेटचं दुखणं फायबरचं. ती रस्त्याच्या कडेनेच येते. दरड, हिमस्खलन किंवा खोदकामात तुटली आणि बर्फ पडत असेल तर जोडायला वेळ लागतो. दोन कंपन्या घेतल्या म्हणजे झालं असं नाही, दोघींची फायबर एकाच रस्त्याने येत असेल तर दोन्ही एकदम झोपतात, आणि मोबाइलचे टॉवरही त्यांच्यावरच. तरी घरात ब्रॉडबँड एका कंपनीचा आणि सिम दुसऱ्या कंपनीचं असू द्या. ते सिम पोस्टपेड हवं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. हे काम पुण्यातच उरकून निघा.