डीएससीमध्ये (सॅम्पल तापवताना किती उष्णता शोषली किंवा सुटली ते मोजणारं मशीन) कॅल्शियम ऑक्झलेटचा दुसरा पीक उलटा का येतो, आणि एन्थाल्पी (अभिक्रियेत शोषलेली किंवा सुटलेली उष्णता) किसिंजर पद्धतीच्या आकड्याशी का जुळत नाही?

आधी सांगा, फर्नेसमध्ये हवा होती ना? बहुतेक होतीच. दुसऱ्या स्टेपला ऑक्झलेट मोडून कार्बोनेट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो, हे मोडणं उष्णता खातं, पण हवा असली की तो वायू तिथल्या तिथे जळतो आणि मोलमागे २८३ किलोज्यूल सोडतो, मशीन दोन्हीची बेरीज दाखवतं, म्हणून पीक उलटा. एम.एस्सी.ला असताना मीही यात अडकलो होतो, नायट्रोजन चालू होता पण आतली जुनी हवा गेलीच नव्हती, पीक अर्धा खाली अर्धा वर असा नागमोडी आला आणि मी दोन आठवडे सॅम्पलच्या शुद्धतेवर शंका घेत बसलो. शेवटी अर्धा तास नायट्रोजन सोडून मग रन घेतला तेव्हा पीक नीट उष्णता शोषणारा आला.

आता किसिंजर. तापवण्याचा वेग बदलला की पीक किती सरकतो त्यावरून ही पद्धत स्लोप काढते, आणि तो स्लोप देतो ती ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे चढायचा घाट. एन्थाल्पी म्हणजे घाटाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांच्या उंचीतला फरक. हे दोन आकडे जुळायलाच हवेत असं नाही, त्यामुळे ते जुळवत बसू नका. एन्थाल्पी फक्त पीकच्या एरियातूनच (पीक आणि बेसलाइनमधलं क्षेत्रफळ) काढा.

पण एरियाला भागायचं कशाने? इथेच बहुतेक जण चुकतात. टीजीचं (तापवताना सॅम्पलचं वजन मोजणारं तंत्र) वजन सोबत बघा, सॅम्पल मोनोहायड्रेट, म्हणजे स्फटिकात पाण्याचा एक रेणू असलेलं ऑक्झलेट असेल तर पहिल्या स्टेपला ते पाणी जाताना १२.३ टक्के घट यायला हवी, मग मोनॉक्साइडची १९.२, शेवटी तिसऱ्या स्टेपला कार्बन डायऑक्साइडची ३०.१, हे सगळे टक्के सुरुवातीच्या वजनावर. पहिली घट १४ आली तर सॅम्पल ओलं आहे, मग तोललेलं सगळं वजन ऑक्झलेटचं धरून भागलंत की उत्तर चुकणारच. वजन घटल्यावर पीकच्या आधीची आणि नंतरची बेसलाइन (पीक नसतानाची रेघ) एका उंचीवर राहत नाही, तिथे डोळे मिटून सरळ रेघ ओढू नका. झाकणाला बारीक भोक ठेवा, नाहीतर वायू कोंडून पीक सरकतो.

कॅलिब्रेशन एकट्या इंडियमवर करू नका, ते १५६.६ डिग्रीला वितळतं आणि तुमचा दुसरा पीक त्याच्या खूप वर आहे, झिंक ४१९.५ ला वितळतं, तेही घ्या. आणि तिसऱ्या स्टेपसाठी ॲल्युमिनियमचा पॅन अजिबात वापरू नका, तो ६६० ला वितळून सेन्सरवर बसतो, ॲल्युमिनाचा क्रुसिबल घ्या.