परदेशातल्या मोठ्या शहरात गेल्यावर तिथल्या लोकांची कचरा वेगळा करण्याची कोणती सवय तुमच्या लक्षात आली?

मी बर्लिनबद्दल सांगते. माझा भाचा तिथे नोकरीला आहे आणि एका उन्हाळ्यात त्याच्याकडे राहिले होते. सगळ्यात आधी डोळ्यांत भरलं ते हे की तिथे रिकामी बाटली सहसा कोणी टाकून देत नाही. रस्त्यावर तर नाहीच, पण कचरापेटीतही नाही. लोक ती पिशवीत घालून घरी नेतात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात साठवतात आणि सामान आणायला जाताना दुकानात परत करतात.

जर्मन माणूस मुळातच शिस्तीचा, असं उत्तर यावर आपण फार पटकन देतो. मला ते पटलेलं नाही. ज्या रस्त्यावर एक बाटली सापडत नाही, त्याच रस्त्यावर झाडाला टेकवून ठेवलेली जुनी गादी दिसते, पावसात भिजलेला सोफा दिसतो. माणसं तीच, संस्कारही तेच. फरक एवढाच की बाटलीला किंमत आहे आणि गादीला नाही.

ही व्यवस्था अशी आहे. पाणी, बिअर, सरबत, यांतलं काहीही घ्या, बिलात पेयाच्या किमतीखाली अनामत वेगळी लावलेली असते. तिथे तिला फांड म्हणतात. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या पत्र्याच्या डब्यावर २५ सेंट. पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटलीवर कमी: बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट, पाण्याच्या आणि सरबताच्या बाटलीवर बहुधा १५. स्वस्तातल्या पाण्याची छोटी बाटली घेतली तर अनामत जवळजवळ पाण्याइतकीच होते. मग ती बाटली फेकायला हात कसा धजावेल?

परत करायचं काम यंत्र करतं. सुपरमार्केटच्या एका भिंतीत गोल भोक असतं. बाटली आडवी आत सरकवायची, ती आत फिरते, यंत्र तिच्यावरचा बारकोड वाचतं आणि पुन्हा न वापरायची असेल तर मागे चिरडल्याचा आवाज येतो. सगळ्या बाटल्या झाल्या की बटण दाबायचं आणि चिठ्ठी घ्यायची. ती गल्ल्यावर दिली की बिलातून तेवढे पैसे वजा होतात, किंवा रोख मिळतात. शनिवारी संध्याकाळी या यंत्रापुढे रांग असते. त्या रांगेत सूटबूटवालेही असतात, कॉलेजची पोरंही असतात आणि कोणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. मला ही गोष्ट फार आवडली. एकेका माणसाची रक्कम किरकोळच, पण अशा प्लास्टिकच्या बाटल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त परत येतात आणि एकाच जातीचं, स्वच्छ प्लास्टिक हाती लागतं. मिसळलेल्या कचऱ्यातून उपसून काढलेल्या प्लास्टिकला ती सर कधीच येत नाही.

हे एका दिवसात झालेलं नाही, आणि परदेशाचं कौतुक करताना हा भाग आपण नेहमी गाळतो. १९९१ च्या वेष्टनांविषयीच्या नियमात एक अट होती: पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांचा वाटा ७२ टक्क्यांच्या खाली गेला, तर एकदाच वापरायच्या बाटल्यांवर अनामत लागेल. नव्वदच्या दशकात तो वाटा घसरला. उद्योगांनी बराच विरोध केला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी १ जानेवारी २००३ ला अनामत लागू झाली. तेव्हा युर्गेन ट्रिटीन पर्यावरणमंत्री होते. सुरुवातीची वर्षं गोंधळाची गेली. काही साखळी दुकानांनी आपल्यापुरत्या वेगळ्या आकाराच्या बाटल्या काढल्या आणि फक्त त्याच परत घ्यायला लागली. कित्येक दुकानांतून डबे गायबच झाले. २००६ मध्ये नियम बदलला: जे दुकान प्लास्टिकच्या बाटल्या विकतं, त्याने कुठल्याही दुकानातून घेतलेली, अनामत असलेली प्लास्टिकची बाटली परत घ्यायची. डब्यांचंही तसंच. अगदी लहान दुकानांना थोडी सूट आहे, ती आपण विकतो तेवढेच ब्रँड घेतात. ग्राहकाची खरी सोय तेव्हापासून झाली. २०२२ पासून रसाच्या प्लास्टिकच्या बाटल्या त्यात आल्या, २०२४ पासून दुधाच्या. म्हणजे वीस वर्षं उलटून गेली तरी एकेक भोक बुजवणं चालूच आहे.

आता जी गोष्ट मला खटकली ती. अनामत आणली होती पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्या वाचवायला. काचेची बाटली धुऊन पन्नासेक वेळा भरता येते. मात्र स्वस्त दुकानांना पातळ प्लास्टिकची बाटली गोळा करून चिरडणं सोयीचं पडलं आणि ग्राहकाला तर दोन्ही बाटल्या एकाच भिंतीत द्यायच्या असल्याने फरकच जाणवेना. उलट २५ सेंट परत मिळाले की काहीतरी चांगलं केल्याचं समाधानही मिळतं. आज पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांचा वाटा निम्म्याच्याही खाली आहे, कायद्यातलं लक्ष्य मात्र ७० टक्के आहे. बाटली परत येते हे खरं, पण ती मुळात कमी लागावी हे या पैशाने साधलेलं नाही. बर्लिनहून आल्यावर फक्त यंत्राचे व्हिडिओ दाखवणाऱ्यांनी हेही सांगायला हवं.

आणि बाटल्या गोळा करणारी माणसं. उद्यानात संध्याकाळी तरुण मंडळी गवतावर बसलेली असतात आणि त्यांच्यामधून एखादे आजोबा ट्रॉली ओढत फिरत असतात. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात विजेरी. कचरापेटीत वाकून बघतात, पुढे जातात. काही बेघर असतात, पण पेन्शन पुरत नाही म्हणून फिरणारेही असतात, असं भाच्याने सांगितलं. म्हणून तिथे एक रीत पडली आहे: घरी न्यायची नसेल तर बाटली पेटीत टाकायची नाही, पेटीच्या बाजूला उभी ठेवायची, म्हणजे कोणाला घाणीत हात घालावा लागत नाही. ही रीत चांगलीच आहे. तरी एवढ्या श्रीमंत देशात म्हातारपणी आठ आठ सेंट वेचावे लागतात, हे बघून मला वाईट वाटलं, आणि व्यवस्थेची स्तुती करताना ती माणसं नजरेआड करू नयेत असं वाटतं.

घरचा कचरा हा वेगळा विषय. इमारतीच्या आतल्या चौकात पेट्यांची रांग असते: कागदाला निळी, ओल्या कचऱ्याला तपकिरी, वेष्टनं आणि इतर प्लास्टिक-धातूला पिवळी किंवा केशरी, काचेला रंगहीन आणि रंगीत अशा दोन, उरलेल्याला काळी. वाइनच्या आणि कडक दारूच्या काचेच्या बाटल्यांना, लोणच्याच्या बरण्यांना अनामत नाही, त्या काचेच्या पेटीत जातात. ओल्या कचऱ्यापासून श्पांडाउ भागातल्या प्रकल्पात गॅस तयार होतो आणि शहराच्या कचरागाड्यांपैकी बऱ्याच त्याच गॅसवर चालतात. हा प्रकल्प २०१३ पासून सुरू आहे. काळ्या पेटीतलं बहुतेक जाळून त्यातून वीज आणि वाफ घेतात. प्रक्रिया न केलेला घरगुती कचरा जमिनीत पुरायला जर्मनीत २००५ पासून बंदीच आहे.

पण पेट्यांची झाकणं उघडून बघा. पिवळीत उष्टं अन्न, तपकिरीत प्लास्टिकच्या पिशव्या. पन्नास घरांची पेटी एकच, चूक कोणाची ते कळत नाही, बिल सगळ्यांत वाटलं जातं. इथे बरोबर टाकणाऱ्याला काही मिळत नाही आणि चुकीचं टाकणाऱ्याचं काही जात नाही. बाटलीच्या बाबतीत जे जमलं ते इथे का जमलं नाही, याचं उत्तर मला यातच दिसतं.

बर्लिनची आणखी एक सवय मनापासून आवडली. नको असलेल्या वस्तू लोक खोक्यात भरून दारापुढे ठेवतात, 'फुकट न्या' अशी चिठ्ठी लावून. पुस्तकं, कप, मुलांचे बूट. नियमाने हे चालत नाही, पाऊस आला की त्याचा कचराच होतो. पण चांगल्या वस्तू तासाभरात गेलेल्याही पाहिल्या. शहराच्या सफाई कंपनीने २०२० मध्ये राइनिकेनडोर्फला जुन्या वस्तूंचं मोठं दुकान काढलं, तिथे फर्निचरपासून सायकलीपर्यंत सगळं मिळतं. वेळ असेल तर नक्की जा.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. पाणी पिऊन झाल्यावर बाटली चुरगाळू नका आणि वरचा कागद काढू नका. बारकोड वाचता आला नाही की यंत्र ती परत ढकलतं. काही यंत्रांवर पैसे दान करायचं बटण असतं. बऱ्याच ठिकाणी ते पैसे 'टाफेल'ला जातात. दुकानांत उरलेलं चांगलं अन्न गरजूंना देणारी ही चळवळ बर्लिनमध्येच १९९३ ला सुरू झाली. काचेच्या पेटीत रविवारी आणि रात्री बाटल्या टाकू नका, आवाजामुळे मनाई असते. रविवारी सुपरमार्केटही बहुतेक बंद असतात, त्यामुळे सोमवारी सकाळचं विमान असेल तर बाटल्या शनिवारीच देऊन टाका.