घट्ट ऑईल म्हणजे चांगलं ऑईल, असं नाही

बाळा, तू विचारलंस ना, स्प्लेंडरमध्ये २०डब्ल्यू-५० हे जाड ऑईल टाकू का, ग्वाल्हेरचा उन्हाळा आहे म्हणून? नको टाकूस. कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलंय, तेच टाक. जाड ऑईल आपल्या आजोबांच्या जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटला शोभतं. तुझ्या इंजिनातल्या भागांमधल्या फटी फार बारीक आहेत, जाड ऑईल त्यांत चटकन शिरत नाही.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला. जानेवारीत आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पहाटे धुकं असतं, पारा चार-पाचावर येतो, तेव्हा किक मारल्यावर ऑईल वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागापर्यंत) किती लवकर पोचेल ते हा आकडा सांगतो. इंजिन जास्त झिजतं ते याच पहिल्या काही सेकंदांत. नंतरचा आकडा १०० अंशांना उरणाऱ्या जाडीचा.

आणि आकड्यांइतकंच महत्त्वाचं: डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं बघच; जासो म्हणजे दुचाकीच्या ऑईलचं जपानी मानक. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. एकदा मी घाईत कारचं ऑईल ओतलं, आणि उरवाई दरवाज्यातून किल्ल्यावर चढताना क्लच घसरून इंजिन नुसतं ओरडत होतं, गाडी पुढे सरकेना. ‘एमबी’ हे गिअर नसलेल्या स्कूटरचं. आईच्या ॲक्टिव्हाचा उरलेला डबा तुझ्या गाडीत रिकामा करू नकोस.

ऑईलची पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद केलेलं, आणि झाकणाची ऑईल मोजायची पट्टी पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. आटे फिरवलेस तर ऑईल असेल त्यापेक्षा जास्त दिसेल.